मॉरिशस आणि सेशेल्स: विकायला दोघांकडे तेच, मग मैत्री वाढवायची कशावर?

बेलापूरची_डॉक्युमेंटेशनवाली (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी.

मी बेलापूरला एका फ्रेट फॉरवर्डरकडे, म्हणजे लोकांचा माल जहाजाने परदेशी पोचवणाऱ्या कंपनीत, एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशन बघते. शिपिंग बिल, बीएलचा (जहाज कंपनीच्या मालपावतीचा) ड्राफ्ट, सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, व्हीजीएम (भरलेल्या कंटेनरचं तपासलेलं वजन), कटऑफच्या आधी सगळं पोर्टलवर चढवणं, हे रोजचं. न्हावाशेव्याहून आमचे कंटेनर पोर्ट लुईला नेमाने जातात. तांदूळ, मसाले, औषधं, कापड, टाइल्स, काय वाट्टेल ते. सेशेल्सच्या व्हिक्टोरिया बंदराचं बुकिंग मात्र अधूनमधून येतं आणि आलं की माझा अर्धा दिवस खातं, कारण माल मध्ये कुठेतरी दुसऱ्या जहाजावर चढवावा लागतो आणि पार्टी रोज विचारते, ‘माझा डबा कुठे आहे?’

ऐरोलीत आमच्या सोसायटीत वाचनकट्टा चालतो. पुढच्या महिन्यात तिथे ‘छोटे देश एकमेकांशी संबंध कसे घट्ट करतात’ यावर बोलायचं मी कबूल केलंय. विषय मीच सुचवला, आणि उदाहरणही हेच दोन देश घेतले, कारण नावं रोज डोळ्यांखालून जातात.

वाचायला बसले आणि अडकले. मॉरिशसची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. म्हणजे आपल्या ठाणे शहरापेक्षाही कमी. सेशेल्सची जेमतेम लाखभर. ११५ बेटं, पण सगळी जमीन एकत्र केली तरी साडेचारशे चौरस किलोमीटरच्या आगेमागे. दोघांची कमाई बरीचशी एकाच प्रकारची: पर्यटन, ट्यूना मासा, बँकिंग आणि कंपन्यांची नोंदणी. मॉरिशसकडे वर साखर आणि कपडे आहेत. दोघंही धान्य, इंधन, यंत्रं बाहेरून आणतात. मग हे एकमेकांना विकणार काय? ट्यूनाचे डबे ट्यूनावाल्याला?

मंत्री जातात, करारावर सह्या होतात, बातमीत ‘द्विपक्षीय संबंध दृढ झाले’ असं येतं. मला खरंच जाणून घ्यायचंय की दृढ झाले म्हणजे नेमकं काय झालं. असं एक तरी काम सांगा जे या दोघांनी मिळून केलं आणि एकट्याला जमलं नसतं.

एक विनंती. भारत-चीन स्पर्धा आणि आपला मॉरिशसशी असलेला करविषयक करार, यावर गाडी नेऊ नका. त्यावर भरपूर लिहून आलंय. मला हे दोघे आपसात काय करतात ते हवंय.

---

कांदाबटाटा_वाशी

ताई, मी एपीएमसीत आहे, कांदा-बटाटा मार्केटला. राजकारण शिकलेलो नाही, पण छोट्या देशाचं आणि मालाचं नातं रोज बघतो.

८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने कांदा निर्यात बंद केली. इथे गाळ्यागाळ्यावर काय अवस्था झाली ती सांगत बसत नाही. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने चार देशांपुरती वाट उघडली: बांगलादेशाला ५०,००० टन, बहरीनला ३,०००, मॉरिशसला १,२०० आणि भूतानला ५६० टन. यादीत मॉरिशसचं नाव बघून मला बरं वाटलं. बाराशे टन म्हणजे आमच्या मार्केटला एका दिवसाची आवक होईल न होईल. पण त्या बेटावरच्या माणसाच्या भाजीत तो कांदा पडला, कारण त्यांच्या सरकारने दिल्लीला विचारलं आणि दिल्लीने ऐकलं.

तुम्ही भारताचं नाव नको म्हणालात म्हणून एवढ्यावर थांबतो. माझा मुद्दा असा आहे की छोट्या देशाला विकण्यापेक्षा घेण्याची चिंता मोठी असते. माल कमी घेतो म्हणून त्याला भाव मिळत नाही. अर्धा कंटेनर मागणाऱ्याला कोण दर कमी करून देणार? म्हणून या दोघांनी एकमेकांना विकण्यापेक्षा एकत्र मिळून खरेदी करावी. असं काही ते करतात का, हे मात्र जाणकारांनी सांगावं.

---

ठाणे_कायदा

कांदाबटाटा, करतात. आफ्रिकेच्या भोवतालच्या छोट्या बेट-देशांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने औषधं एकत्र खरेदी करायचा करार २०२० मध्ये केला. मॉरिशस आणि सेशेल्स दोन्ही त्यात आहेत, सोबत केप व्हर्दे, कोमोरोस वगैरे. कारण तुम्ही सांगितलं तेच: एकट्या सेशेल्सने इन्सुलिन मागवलं तर कंपनीला त्याची किंमत वाटत नाही. बेलापूरच्या ताई औषधांचे कंटेनर पाठवतात म्हणजे या साखळीचं एक टोक त्यांच्या टेबलावर आहे.

ताई, तुम्हाला हवं असलेलं ‘एक काम’ आहे, आणि ते फार मोठं आहे. समुद्राच्या तळाचं. मी ठाण्यात कायदा शिकवते, हा करार वर्गात घेते. पण रात्री नीट लिहीन, आत्ता पेपर तपासणं चालू आहे.

---

कॅप्टन_नेरुळ

ठाणे_कायदा यांनी समुद्राच्या तळाचं नाव काढलं आणि मला राहवलं नाही. त्या कायद्याचं लिहितील, मी पाण्याचं लिहितो.

मी मूळचा देवगडकडचा. मर्चंट नेव्हीत डेक कॅडेट म्हणून लागलो, मास्टर होऊन निवृत्त झालो, आता नेरुळला असतो. संध्याकाळी चालताना इथल्या चाणक्य या नाविक प्रशिक्षण संस्थेची पोरं गणवेशात दिसतात तेव्हा थांबून त्यांच्याशी बोलतो. त्यांनाही मी हीच गोष्ट सांगतो.

मुंबईहून पोर्ट लुईचा सरळ कोर्स चार्टवर आखा. रेषा कुठून जाते माहीत आहे? विषुववृत्त ओलांडून दहा अंश दक्षिणेला आलात की ती साया दे माल्हा नावाच्या बँकेवरून जाते. बँक म्हणजे समुद्रातलं बुडालेलं पठार. चारही बाजूंना हजारो मीटर खोल महासागर, कुठे जमिनीचा मागमूस नाही, आणि इको साउंडरवर (खोली मोजायच्या यंत्रावर) तळ वर वर यायला लागतो. काही ठिकाणी पाणी वीस मीटरपेक्षाही उथळ. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मी थर्ड ऑफिसर होतो आणि वॉचवर होतो. चार्ट सांगत होता तरी पोटात गोळा आला. चाळीस हजार चौरस किलोमीटरच्या घरातली ती बँक. तळाशी समुद्री गवताची कुरणं पसरली आहेत, जगातल्या सर्वांत मोठ्या कुरणांत त्यांची गणना होते.

हे पठार सेशेल्सपासून मॉरिशसपर्यंत जवळपास दोन हजार किलोमीटर पसरलेलं आहे. मास्करीन पठार. म्हणजे वरून दोन देश हजार नॉटिकल मैलांच्या आसपास लांब दिसतात, पण खालून त्यांची जमीन एकच आहे. ताई, तुमच्या भाषणाला सुरुवात इथून करा असं मी म्हणेन. हे कळल्याशिवाय पुढचं काही कळत नाही.

आता माणसांचं. दोन्ही बेटं आधी फ्रेंचांकडे होती. नेपोलियनच्या लढायांत इंग्रजांनी घेतली, १८१४ च्या पॅरिस तहाने त्यांच्याकडे कायम झाली. त्यानंतर १९०३ पर्यंत सेशेल्सचा कारभार मॉरिशसमधूनच चालायचा. साहेब पोर्ट लुईला, हुकूम तिथून सुटायचे. १९०३ मध्ये सेशेल्स वेगळी वसाहत झाली. मॉरिशस १२ मार्च १९६८ ला स्वतंत्र झालं, सेशेल्स २९ जून १९७६ ला. दोन्हीकडची क्रिओल फ्रेंचमधून आलेली. बंदरावर मी पाहिलंय, सेशेल्सचा विंचमन आणि मॉरिशसचा टॅलीवाला आपापल्या बोलीत बोलायचे आणि काम अडायचं नाही. मॉरिशसला तर कोकणातून गेलेल्यांची मराठी घरं आहेत, शाळेत मराठी शिकवतात, गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी असते. पण ते तुमच्या विषयाबाहेर जाईल.

व्यापाराचं म्हणाल तर मी गेलो तेव्हा व्हिक्टोरियाचा धक्का लहान. आमच्या जनरल कार्गो जहाजाच्या स्वतःच्या डेरिकने तांदळाची पोती उतरवायची, पाऊस आला की हॅच झाकायची. धक्क्याच्या दुसऱ्या बाजूला स्पॅनिश आणि फ्रेंच ट्यूना बोटी. तिथला ट्यूनाचा कारखाना जगातल्या मोठ्या कारखान्यांत धरला जातो, बेटावरच्या कितीतरी घरांची चूल त्यावर चालते. ट्यूना हा फिरता मासा. आज सेशेल्सच्या पाण्यात, पुढच्या महिन्यात मॉरिशसच्या, मग मोझांबिकच्या सामुद्रधुनीत. परदेशी बोटीवाला एका सरकारशी घासाघीस करतो आणि म्हणतो, तुम्ही परवान्याचा दर वाढवलात तर मी शेजारच्याकडे जातो. म्हणून ताई, ‘दोघंही ट्यूनावाले, एकमेकांना काय विकणार’ हा प्रश्न मी उलटा करीन. दोघंही ट्यूनावाले आहेत म्हणूनच त्यांनी बोलायला हवं. विकणारा एकेकटा असेल तर घेणारा त्याला पिळतो.

चाच्यांचं सांगतो आणि थांबतो. २००८ ते २०११ हा सोमाली चाच्यांचा सर्वांत वाईट काळ. आम्ही जहाजाच्या कठड्याला काटेरी तार लावून, फायर होज जोडून, रात्री दिवे मालवून जायचो. घरी बायको-मुलं बातम्या बघत बसायची. तेव्हा चाचे पकडले तरी खटला चालवायचा कुठे, हा मोठा प्रश्न होता. पकडायचे आणि सोडून द्यायचे. लाखभर लोकसंख्येच्या सेशेल्सने आपल्या कोर्टात खटले चालवले, शिक्षा दिल्या. मॉरिशसनेही २०११ मध्ये त्यासाठी कायदा केला. पुढे २०१८ मध्ये मॉरिशसमध्येच करार होऊन, समुद्रावर नजर ठेवायची माहिती मादागास्करच्या केंद्रात गोळा करायची आणि कारवाईची जुळवाजुळव सेशेल्सच्या केंद्रातून करायची, अशी वाटणी झाली. ज्या बेटांकडे बोटी मोजक्या आणि समुद्र अफाट, त्यांना याशिवाय मार्ग नव्हता. आमच्यासारख्या दर्यावर्दी लोकांच्या जिवाशी त्याचा संबंध होता, म्हणून मी या गोष्टीला कोरडा कागदी करार म्हणू शकत नाही.

---

ठाणे_कायदा

कॅप्टनसाहेबांनी पाणी सांगितलं. आता पाण्याखालचा कायदा. लांब होईल, पण ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे.

१९८२ च्या सागरी कायद्याच्या संहितेप्रमाणे किनाऱ्यापासून २०० नॉटिकल मैलांपर्यंतचं पाणी आणि तळ, दोन्हींतल्या संपत्तीवर त्या देशाचा हक्क. त्यापलीकडे पाणी सगळ्यांचं. पण तुमच्या जमिनीचा नैसर्गिक उतार तळाशी आणखी पुढे जात असेल तर तेवढ्या तळावर हक्क मागता येतो. मात्र सिद्ध करावं लागतं. जहाजं पाठवून तळाची मोजणी, गाळाची जाडी, उताराचा पाया, सगळा शास्त्रीय पुरावा संयुक्त राष्ट्रांच्या आयोगापुढे ठेवायचा. खर्च प्रचंड. आणि मुदत होती: या दोघांसाठी १३ मे २००९.

अडचण अशी की आयोगाच्या नियमाप्रमाणे ज्या पट्ट्यावर दोन देशांचा वाद आहे त्या पट्ट्याचा अर्ज सगळ्यांच्या संमतीशिवाय आयोग विचारातच घेत नाही. म्हणजे मॉरिशसने एकट्याने अर्ज केला असता आणि सेशेल्सने हरकत घेतली असती, किंवा उलट, तर दोन्ही फायली धूळ खात पडल्या असत्या.

तर २००८ साल बघा. जुलैमध्ये दोघांनी आपल्या २०० मैलांच्या आतल्या पाण्याची हद्द कराराने ठरवून टाकली. ऑक्टोबरमध्ये सेशेल्सचं दिवाळं वाजलं, २३ कोटी डॉलरच्या रोख्यांची देणी ते चुकती करू शकले नाहीत, नाणेनिधीकडे जावं लागलं. आणि १ डिसेंबर २००८ ला, त्याच धामधुमीत, दोघांनी मास्करीन पठाराचा एकत्र अर्ज दाखल केला. राष्ट्रकुल सचिवालयाने तांत्रिक मदत केली. तिजोरी रिकामी असताना सेशेल्सच्या अधिकाऱ्यांनी हे काम सोडलं नाही, याचं मला फार कौतुक वाटतं.

३० मार्च २०११ ला आयोगाने दोघांच्या बाजूने शिफारस दिली. सुमारे ३,९६,००० चौरस किलोमीटर तळ. आपला महाराष्ट्र ३,०७,७१३ चौरस किलोमीटर. म्हणजे महाराष्ट्राहून मोठा प्रदेश, दोन ठिपक्यांएवढ्या देशांना.

आता तो वाटायचा कसा? वाटलाच नाही. १३ मार्च २०१२ ला मॉरिशसमध्ये दोन करार झाले. एकात म्हटलं की या तळावरचा हक्क आम्ही दोघं मिळून वापरू, दुसऱ्यात कारभाराची घडी बसवली: वर दोन्हीकडच्या मंत्र्यांची परिषद, खाली संयुक्त आयोग, त्याखाली रोजचं काम बघणारं प्राधिकरण. तळातून तेल-खनिज जे निघेल त्याचं उत्पन्न निम्मं-निम्मं.

हे निम्मं-निम्मं मी वर्गात पुन्हा पुन्हा सांगते. मॉरिशसची लोकसंख्या सेशेल्सच्या बारापट. मॉरिशसने माणशी वाटा मागितला असता, अर्थव्यवस्थेच्या आकारावर मागितला असता, तर मागायला कारण होतं. त्यांनी ते केलं नाही. कोकणात सामाईक सातबाऱ्यावर दोन भावांची नावं असतात आणि मधली गडग्याची ओळ कुठे घालायची यावर दोन पिढ्या कोर्टात जातात. इथे दोन सरकारांनी सातबारा सामाईकच ठेवला आणि गडगा घातलाच नाही.

दुसरी बाजूही बघा. याच मॉरिशसचा मालदीवशी हद्दीचा प्रश्न होता. तो २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादासमोर गेला, २८ एप्रिल २०२३ ला निकाल लागला. वादातलं पाणी जवळपास निम्मं-निम्मं झालं, आणि मॉरिशसची २०० मैलांपलीकडच्या तळाची मागणी लवादाने मान्य केली नाही. परदेशी वकिलांची फी, वर्षानुवर्षांची सुनावणी, आणि शेवटी पाण्याचं गणित तेच. मॉरिशसने कोर्टात जायला नको होतं असं मी म्हणत नाही, तिथे चागोस बेटं कोणाची हा प्रश्न गुंतलेला होता. पण सेशेल्सशी जे झालं ते किती दुर्मीळ आहे ते या निकालाशेजारी ठेवलं की दिसतं.

---

बेलापूरची_डॉक्युमेंटेशनवाली

कॅप्टनकाका, मॅडम, दोघांचे मनापासून आभार. दोन्ही प्रतिसाद लोकलमध्ये वाचले आणि ऐरोलीला उतरायचं राहता राहता राहिलं.

पण एक गोष्ट टोचतेय, ती विचारतेच. करार २०१२ चा. त्या तळातून आजवर तेलाचा थेंब निघालेला नाही, व्यापारी उत्पादन शून्य. मग वाटणी निम्मी-निम्मी असली तरी शून्याचा निम्मा शून्यच. कट्ट्यावर कोणीतरी हे विचारणारच. आमच्याकडे एक निवृत्त बँक मॅनेजर आहेत, ते हमखास विचारतील.

आणि तेल निघालं तर ते समुद्री गवताचं काय होणार?

---

कांदाबटाटा_वाशी

बँक मॅनेजरसाहेबांच्या बाजूने मी बोलतो. लोकांना नोकऱ्या लागतात. तेल असेल तर काढावं, का सोडावं? युरोपवाल्यांनी त्यांच्या समुद्रातलं काढलं, तेव्हा गवताचा विचार कोणी केला? हे देश बाहेरून इंधन आणतात असं ताई, तुम्हीच लिहिलंत.

---

कॅप्टन_नेरुळ

कांदाबटाटा, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. तेल काढायचं की नाही हे त्या दोन देशांच्या लोकांनी ठरवायचं, नेरुळला बसून मी नाही. पण माझं मत सांगतो.

२५ जुलै २०२० ला ‘वाकाशिओ’ नावाचं बल्क कॅरिअर (सुटा माल नेणारं जहाज) मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यावर प्रवाळावर चढलं. मालक जपानी, झेंडा पनामाचा. त्यात माल नव्हता, फक्त स्वतःपुरतं इंधन होतं. त्यातलं हजारेक टन खाजणात गेलं. लोकांनी उसाचं पाचट कापडात भरून, शिवून, त्याचे तरंगते बांध केले आणि पाण्यात सोडले. म्हातारी माणसं, शाळेची पोरं, सगळे गुडघाभर काळ्या पाण्यात. तो व्हिडिओ मी बघितला आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आयुष्यभर मी असलीच जहाजं चालवली. हजार टन म्हणजे काहीच नाही, टँकरच्या एका टाकीतही त्याहून जास्त असतं. समुद्रातल्या तेलविहिरीला अपघात झाला तर किती जाईल? पर्यटन आणि मासे ही दोघांची भाकरी. ती ज्या पाण्यावर अवलंबून आहे त्यातच हा धोका घ्यायचा का, याचा त्यांनी दहा वेळा विचार करावा.

आता शून्याचा निम्मा. ताई, मॅनेजरसाहेबांना विचारा, बँकेत स्थावर तारण ठेवताना त्यावर आज भाडं येतंय का एवढंच बघतात का? टायटल स्वच्छ आहे का हे आधी बघतात. या दोघांचं टायटल स्वच्छ झालं. उद्या कोणी परदेशी कंपनी तिथे खाणकाम करायला आली तर तिला एका दारातून जावं लागेल आणि त्या दाराला दोन कुलपं आहेत. एका मंत्र्याला पटवून काम होणार नाही.

आणि आणखी एक गोष्ट, जी आकड्यात येत नाही. संयुक्त आयोगाच्या निमित्ताने पोर्ट लुई आणि व्हिक्टोरियाचे अधिकारी एका टेबलाला बसतात. नकाशे एक, नियम एक, फोन नंबर एकमेकांकडे. मी समुद्रावर शिकलो ते हे की संकटात ओळखीचा माणूस रेडिओवर असला की अर्धं काम होतं. मंत्री बदलतात, निवडणुका होतात, पण असं नेमून दिलेलं काम असलं की नातं चालू राहतं. सहीच्या समारंभानंतर ज्या कराराला कार्यालय नाही, बैठक नाही, तो मी धरतच नाही.

---

ठाणे_कायदा

कॅप्टनसाहेबांच्या ‘दोन कुलपं’ला एक भगदाड आहे, ते सांगणं माझं काम.

करार फक्त तळाचा आहे. वरचं पाणी २०० मैलांपलीकडे असल्यामुळे खुला समुद्र. म्हणजे तळाला चिकटलेलं गवत, समुद्री काकडीसारखे तळावरचे जीव यांवर या दोघांचा हक्क, पण त्यावरून पोहणारा मासा कोणीही पकडू शकतो. मागच्या दशकात थायलंडचे ट्रॉलर साया दे माल्हावर येऊन मासेमारी करत होते. ट्रॉलरचं जाळं तळ खरवडत जातं. जमीन यांची, आणि नांगर दुसऱ्याचा. दक्षिण हिंदी महासागराच्या मासेमारीसाठी एक करार आहे, हे दोघं त्यात आहेत, थायलंडही २०१७ मध्ये आला, तिथे बोलणी होतात, निर्बंध येतात. पण सभासदांची संमती मिळवता मिळवता वेळ जातो.

म्हणून माझ्या दृष्टीने पुढचं मोठं काम हे आहे. खुल्या समुद्रातल्या जीवसृष्टीच्या रक्षणाचा जागतिक करार जून २०२३ मध्ये मंजूर झाला. त्याला मान्यता देणाऱ्या अगदी पहिल्या देशांत सेशेल्स आणि मॉरिशस होते, दोघांनीही २०२४ मध्ये दिली. साठ देशांची मान्यता पूर्ण झाल्यावर १७ जानेवारी २०२६ पासून तो लागू झाला. या कराराखाली खुल्या समुद्रातला एखादा पट्टा संरक्षित करावा असा प्रस्ताव सभासद देश मांडू शकतात. साया दे माल्हाच्या पाण्यासाठी असा प्रस्ताव मांडायला या दोघांइतका अधिकार दुसऱ्या कोणाकडे आहे? तळ आधीच त्यांचा आहे. २०२२ मध्ये मोनॅकोच्या मोहिमेचं संशोधन जहाज तिथे जाऊन आलं, म्हणजे शास्त्रीय माहितीचा आधारही आहे.

ताई, ‘दोन देशांचं मिळून एक काम’ असं तुम्ही विचारलंत. २००८ चा अर्ज हे झालेलं काम, आणि हा प्रस्ताव हे व्हायला हवं असलेलं. माझ्या विद्यार्थ्यांना मी या सत्रात त्याचा मसुदा लिहायला देणार आहे.

---

कॅप्टन_नेरुळ

मॅडम, तुमच्या विद्यार्थ्यांना चार्ट वाचायला शिकवायला मी ठाण्याला येईन. बोलवा नक्की.

ताई, तुमच्या पहिल्या परिच्छेदातल्या त्रासाबद्दल मात्र कोणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो. व्हिक्टोरियाचा डबा मध्येच अडकतो तो यासाठी की तिथे माल कमी उतरतो आणि परत न्यायला ट्यूनाशिवाय फारसं काही नसतं. मोठी जहाज कंपनी आपलं जहाज तिथे फिरवत नाही, फीडर (मोठ्या बंदरातून लहान बंदरात माल नेणारं छोटं जहाज) कधी भरेल त्यावर सगळं. पोर्ट लुईला मात्र मोठी कंटेनर जहाजं लागतात. हिंदी महासागर आयोगाचं मुख्यालय मॉरिशसलाच, एबेनला आहे. मॉरिशस, सेशेल्स, मादागास्कर, कोमोरोस आणि रियुनियन हे बेट त्याचं असल्यामुळे फ्रान्स असे पाचजण त्यात बसतात. या पाचांनी मिळून बेटाबेटांत ठरल्या दिवशी फिरणारं एक छोटं जहाज चालू ठेवलं, तोटा वाटून घेतला, तर मादागास्करचं धान्य-भाजी, मॉरिशसचं पीठ आणि साखर, सेशेल्सचा मासा, हे सगळं आपसात फिरेल. आज ते एकमेकांपासून हजार मैलांवर असून माल हजारो मैल लांबून मागवतात. तळ सामाईक ठेवायला जेवढी हिंमत लागली त्यापेक्षा याला कमी लागेल, पैसा मात्र दरवर्षी लागेल, आणि तिथेच गाडी अडते.

---

बेलापूरची_डॉक्युमेंटेशनवाली

काका, हे जहाज खरंच सुरू झालं तर त्याचं पहिलं बुकिंग मी टाकीन.

भाषण मी २००८ सालाभोवती बांधतेय: जुलै, ऑक्टोबर, डिसेंबर. नकाशा मोठा छापून भिंतीला लावणार आहे, मुंबई ते पोर्ट लुई रेषा ओढून. काका, साया दे माल्हाचे अक्षांश-रेखांश मला व्यक्तिगत निरोपात पाठवाल का? आणि मॅडम, २०१२ च्या करारातली उत्पन्नवाटपाची तरतूद मराठीत दोन ओळींत लिहून दिलीत तर मी ती मॅनेजरसाहेबांना जशीच्या तशी वाचून दाखवीन.